डॉनमधला डब्ल्यू आला कुठून?

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले, खोकले किंवा तेच वाक्य दोनदा म्हटलं, ते काढून टाकलंय. बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग जरा वेगळा आहे, कारण आज मला एक चूक दुरुस्त करायची आहे. माझीच.

वारांच्या नावांवर एक भाग केला होता, आठवतोय? त्यात मी अगदी ठासून म्हणाले होते की इंग्रजीतला डे म्हणजे आपला दिनच, दोघं सख्खे भाऊ. बऱ्याच जणांना ते आवडलं. क्लिप फिरली. माझ्याच मावशीने मला ती फॅमिली ग्रुपवर परत पाठवली, "बघ, किती छान माहिती आहे" असं लिहून. मी अंगठा दाखवून मोकळी झाले.

मग एका सरांचा मेसेज आला. ते एका गावातल्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवतात. त्यांनी तो भाग ऐकून वर्गात फळ्यावर लिहिलं, डे बरोबर दिन. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मग डॉन पण दिनवरूनच आला का? आणि आला असेल तर त्यात डब्ल्यू कशाला आहे? तो तर ऐकूच येत नाही." सरांनी तो प्रश्न माझ्याकडे ढकलला. मी म्हटलं, दोन दिवसांत सांगते. त्याला तीन आठवडे झाले. कारण त्या डब्ल्यूच्या मागे लागल्यावर लक्षात आलं, की डब्ल्यूचं उत्तर सापडतंय, पण माझा दिन मात्र बुडतोय.

जुना भाग गुपचूप काढून टाकता आला असता. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? आणि आजचा विषयच उजाडण्याचा.

तर आजचा शब्द आहे डॉन. बच्चनचा 1978चा नाही. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात ही आपली अडचण. तो डॉन लॅटिनमधल्या मालक या अर्थाच्या शब्दावरून स्पॅनिश-इटालियनमार्गे आला. आपला डॉन म्हणजे डी, ए, डब्ल्यू, एन. पहाट. गंमत म्हणजे अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोक दोन्ही शब्द एकसारखेच उच्चारतात, म्हणजे घोटाळा फक्त आपल्या लिपीचा नाही.

आता असं करा, डॉन हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेवा. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये तो नव्हताच. जुन्या इंग्रजीत होतं एक क्रियापद, साधारण डाग़िअन असं म्हणायचे. अर्थ? उजाडणं. शब्दशः, दिवस होणं. दिवसाला शब्द होता डॅय, त्यावरूनच हे क्रियापद.

इथे मला मराठीचा फार उपयोग झाला. आपण म्हणतो, "उजाडलं." कोण उजाडलं? कोणीच नाही. आभाळ उजाडलं, सूर्य उजाडला असं आपण म्हणत बसत नाही. नुसतं उजाडलं, फटफटलं, झुंजूमुंजू झालं. जुन्या इंग्रजीतलं ते क्रियापद अगदी असंच वागायचं, त्यालाही खराखुरा कर्ता नसायचा. आजच्या इंग्रजीत तुम्हाला कर्त्याच्या जागी निदान एक "इट" तरी टेकवावाच लागतो.

या क्रियापदाचा एक जबरदस्त वापर सापडतो. फिन्सबर्ग नावाच्या लढाईवरची एक जुनी इंग्रजी कविता आहे. कविता म्हणजे तिचा तुकडाच उरलाय. मूळ हस्तलिखित हरवलं, 1705 साली छापलेली प्रत तेवढी शिल्लक. प्रसंग असा, की रात्री एका मोठ्या दालनात योद्धे आहेत आणि बाहेर अचानक उजेड दिसतो. त्यांचा तरुण राजा ओळखतो, की हे पूर्वेकडून उजाडत नाहीये, शत्रू चालून आलाय. म्हणजे इंग्रजीतल्या उजाडण्याच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि तो खोट्या पहाटेचा आहे! आणखी एक सांगते. त्या ओळीत पूर्व हा शब्दही आहे, आजच्या ईस्टचं जुनं रूप. तो लक्षात ठेवा, शेवटाकडे परत लागणार आहे.

आता डब्ल्यू. मुलीचा प्रश्न.

जुन्या इंग्रजीत एक दिवस म्हणजे डॅय, लिहिताना शेवटी जी असायचा, पण उच्चार य. अनेक दिवस म्हणजे डाग़स. इथला जी मात्र घशातून यायचा, ग़ालिबमधल्या ग़सारखा. एकाच शब्दाच्या एकवचनात य आणि अनेकवचनात ग़. पुढे काय झालं, की हा घशातला ग़ हळूहळू सैल पडला आणि त्याचा व झाला, म्हणजेच डब्ल्यू. डाग़सचं डावस झालं. डाग़िअनचं डावेन झालं, म्हणजे डी-ए-डब्ल्यू. पुढे लोकांनी एकवचनावर बेतून नवं अनेकवचन केलं, ते आजचं डेज. जुनं डावस मेलं. पण क्रियापदातला डब्ल्यू राहून गेला. तर डॉनमधला डब्ल्यू म्हणजे खरं तर डेच्याच पोटातला एक जुना ग आहे. तो आज ऐकू येत नाही. नुसता लिहिलेला दिसतो.

हे फक्त एका शब्दाचं झालं असतं तर मी विश्वास ठेवला नसता, आणि तुम्हीही ठेवू नका. पण हे रांगेने झालंय. तुमच्यापैकी जर्मनचा क्लास लावलेले बरेच जण आहेत, मला माहितीये, पुण्यातून तर निम्मे मेसेज तुमचेच येतात. तुम्हीच सांगा, जर्मनमध्ये मागोमाग जाणं काय? फोल्गेन. इंग्रजीत फॉलो. उसनं घेणं? बोर्गेन, इंग्रजीत बॉरो. चिंता, काळजी? झोर्गं, आणि इंग्रजीत सॉरो म्हणजे दुःख. सकाळ? मोर्गेन, इंग्रजीत मॉरो, त्यातूनच टुमॉरो. जर्मनने ग सांभाळला, इंग्रजीने त्याचा डब्ल्यू केला. आणि दिवस? जर्मनमध्ये टाग. तिथे ग अजून शाबूत आहे. उजाडणं म्हणजे टागेन.

जाता जाता, जर्मन टागेनचा दुसरा अर्थ बैठक भरवणं, सभा घेणं. त्यांच्या संसदेचं नाव बुंडेसटाग, त्यात हाच टाग. सभेचा दिवस ठरायचा, म्हणून सभेलाच दिवस म्हणायला लागले. आपण तारीख पडली म्हणतो ना कोर्टाची, तसंच काहीसं.

शब्दाच्या मधला ग असा गळून जाणं आपल्याला नवीन नाही. संगमनेर, अमळनेर, पिंपळनेर यांतला नेर म्हणजे नगर. ग गेला आणि नगरचं नेर झालं. अमळनेरच्या माणसाला रोज आपल्या गावाच्या नावात ग शोधायची गरज पडत नाही, आणि इंग्रजाला डॉनमध्ये. पण शोधला तर सापडतो.

बरं, डब्ल्यू झाला. मग शेवटचा एन कुठून आला? क्रियापद तर डॉ होतं नुसतं. स्कॉटलंडच्या बोलीत ते डॉ पुढे कितीतरी काळ टिकलं. पण इंग्लंडमध्ये एक घडामोड झाली. उत्तरेकडून डेन्मार्क, नॉर्वेचे लोक आले, लुटायला आले आणि मग तिथेच राहिले, शेती केली, लग्नं केली. इंग्रजीत एग, स्काय, विंडो, अगदी दे हे सर्वनामसुद्धा त्यांनी दिलंय. त्यांच्या भाषेत पहाटेला डागनिंगसारखा शब्द होता, डॅनिशमध्ये आजही आहे. इंग्रजीतला जुना शब्द होता डॉइंग. या दोघांच्या घसटीतून, बहुधा, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास डॉनिंग हा शब्द रूढ झाला. मध्ये एक न घुसला.

आता लोकांनी काय केलं असेल? डॉनिंग ऐकलं. शेवटी इंग आहे. सिंगिंगमधून सिंग काढतो, रनिंगमधून रन काढतो, तसं डॉनिंगमधून इंग काढलं आणि उरलं डॉन. पंधराव्या शतकाच्या अखेरीस डॉन हे क्रियापद दिसायला लागतं, आणि नाम म्हणून डॉन, म्हणजे आपण ज्याला पहाट म्हणतो तो अर्थ, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. शेक्सपिअरच्या काळात. म्हणजे ज्या शब्दाला आपण इतका प्राचीन, काव्यमय वगैरे समजतो, तो चारशे-साडेचारशे वर्षांचा आहे आणि उलट्या हिशेबातून तयार झालाय.

उलटा हिशेब म्हणजे? आपल्याकडे याचं फार देखणं उदाहरण आहे. असुर. हा शब्द फार जुना, आणि सुरुवातीला तो वाईट अर्थाचाही नव्हता, ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय. त्यातला अ हा नकाराचा अ नव्हे. पण पुढे कोणाला तरी वाटलं, अ-सुर, म्हणजे जो सुर नाही तो. मग सुर म्हणजे कोण? देव! आणि सुर हा नवा शब्द जन्माला आला. मग त्याला कथाही चिकटली, की समुद्रमंथनात निघालेली सुरा देवांनी घेतली म्हणून ते सुर, असुरांनी घेतली नाही म्हणून ते असुर. शब्द आधी, गोष्ट नंतर.

असुरमधून सुर, डॉनिंगमधून डॉन. यात कोणाचं चुकलं असं मला वाटत नाही. शब्द वापरणारे लोक व्याकरणाचं पुस्तक उघडून बसत नाहीत.

आता येते माझ्या चुकीवर. डे आणि दिन.

दोन्ही द-ड ने सुरू होतात, दोघांचा अर्थ एकच, लॅटिनमध्ये तर डिएस म्हणजे दिवस. हे तिघं सरळ सरळ एकाच घरातले दिसतात ना? मलाही दिसले. तिथेच फसले.

दिन, दिवस आणि लॅटिन डिएस हे खरंच नातेवाईक आहेत. डायरी हा शब्द डिएसवरून. तुम्ही सकाळी पाचचा अलार्म लावता ना, त्यापुढचं ए.एम., त्यातला एम म्हणजे मेरिडिएम, आणि त्याचा अर्थ मध्य-दिन. मोबाइलच्या स्क्रीनवर रोज दिनचा एक चुलतभाऊ बसलेला असतो आणि आपण त्याला स्नूझ करतो.

पण डे या घरातला नाही. कसं कळतं? इथे याकोब ग्रिम हा माणूस येतो. हो, तोच ग्रिम, भावाबरोबर परीकथा गोळा करणारा. त्याने 1822 साली एक नियम नीट मांडून दाखवला, की संस्कृत-लॅटिनमध्ये जिथे द आहे तिथे इंग्रजीच्या घराण्यात ट येतो. द्वि तर टू. दश तर टेन. दंत तर टूथ. एकदा नाही, दरवेळी. मग दिनचा इंग्रजी भाऊ असेलच तर तो ट ने सुरू व्हायला हवा. आणि या कुळातला एक ट ने सुरू होणारा शब्द इंग्रजीत आहेही! ट्यूजडे. त्यातला टीव हा जुना जर्मानिक देव, आणि टीव म्हणजे आपला देव हाच शब्द. देव, दिन, दिवस हे सगळे चकाकण्याच्या एकाच मुळातले. म्हणजे ट्यूजडेच्या पहिल्या अर्ध्या भागाशी आपलं नातं आहे, आणि मी मात्र दुसऱ्या अर्ध्याला राखी बांधून बसले होते.

मग डे कोणाचा? इंग्रजी ड च्या समोर जुना ध यायला हवा. अभ्यासकांनी दाखवलेला बराच जुना उमेदवार आहे दह्, जळणं. दाह, दहन. तुम्ही म्हणाल, यात कुठे ध आहे, हाही द च आहे. बरोबर. पण संस्कृतला एका शब्दात लागोपाठ दोन जड महाप्राण आवडत नाहीत, पहिला हलका केला जातो. मूळचा ध होता, त्याचा द झाला. आणि तो ध लपलाय कुठे? भविष्यकाळात. दह् चं भविष्यकाळी रूप धक्ष्यति. तिथे ध परत वर येतो. दुहिता आणि डॉटर या जोडीतही हेच झालंय. आणि टागमधला ग? निदाघ म्हणजे कडक उन्हाळा, त्यात घ दिसतो की.

तर डे म्हणजे, या मताप्रमाणे, तापण्याची वेळ. जळजळीत प्रकाशाची वेळ. सगळे अभ्यासक याला मान डोलावत नाहीत, काही जण अहन् या संस्कृत शब्दाकडे बोट दाखवतात, अहोरात्रमधला अह. वाद चालू आहे. पण दिनशी नातं नाही, यावर वाद नाही. त्यामुळे सर, फळा पुसा. आणि माझ्या नावावर खपवा, चालेल.

हे मी इतकं लावून का धरतेय? कारण डे म्हणजे दिन या प्रकारचे फॉरवर्ड आपल्याला रोज येतात. अमुक इंग्रजी शब्द संस्कृतमधून चोरला, तमुक शहराचं नाव मुळात आपलं. कान जुळले की नातं जुळलं. आणि यात नुकसान कोणाचं होतं, तर खऱ्या नात्यांचं. कारण खरी नाती बहुतेक वेळा सारखी ऐकू येतच नाहीत.

याचं उदाहरण म्हणून तो ईस्ट आठवा, जो मी बाजूला ठेवायला सांगितला होता. ऋग्वेदातली उषस्, जिच्यावर वीसेक सूक्तं आहेत. ग्रीकांची पहाटेची देवी इऑस. रोमनांची ऑरोरा. लिथुआनियन भाषेत पहाट म्हणजे औश्रा. या सगळ्या एकाच शब्दाच्या मुली. उत्तर ध्रुवाकडे आभाळात हिरवे पडदे हलतात त्या ऑरोरा बोरियालिसच्या नावाचा अर्थही उत्तरेची पहाट असाच. आणि इंग्रजीत? इंग्रजीत ही उषा पहाट म्हणून उरलीच नाही. ती ईस्टमध्ये आहे, म्हणजे जिथून उजाडतं ती दिशा. आणि ईस्टरमध्ये. आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्रज साधूने लिहून ठेवलंय, की ईओस्त्रे नावाच्या एका देवीवरून त्या महिन्याचं आणि मग त्या सणाचं नाव पडलं. आता उषा आणि ईस्टर, सांगा, कानाला कुठे जुळतात? पण नातं पक्कं आहे. नियमाने जुळतं.

म्हणजे त्या फिन्सबर्गच्या ओळीत, जिथे पूर्वेकडून उजाडत नाहीये असं म्हटलंय, तिथे डॉनचा पूर्वज आणि उषेची बहीण शेजारी शेजारी उभ्या आहेत. मला हे समजलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं.

दोन छोट्या गोष्टी सांगते आणि थांबते.

एक, डेझीचं फूल. तो शब्द मुळात डेज आय, दिवसाचा डोळा. पाकळ्या रात्री मिटतात, उजाडलं की उघडतात. यातही तोच डे.

दुसरी, वेळेची. वेदर अ‍ॅपमध्ये सूर्योदयाच्या आधीची वेळ दाखवतात. सूर्य क्षितिजाच्या 18 अंश खाली असतो तेव्हा खगोलशास्त्राची पहाट सुरू होते. 12 अंशांवर खलाशांची, कारण तेव्हा समुद्राची रेघ दिसायला लागते. 6 अंशांवर आपल्यासारख्यांची, दिव्याशिवाय वावरता येईल इतका उजेड. मुंबईत हा सगळा प्रवास सव्वा तासाच्या आसपास उरकतो. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्रभर 18 अंश खाली जातच नाही, पुरता अंधार होतच नाही. आणि आपल्या जुन्या पंचांगाच्या हिशेबात अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटका. एक घटका 24 मिनिटांची, म्हणजे 96 मिनिटं. आकाश एका घटकेत बरोबर 6 अंश फिरतं. अ‍ॅपवाल्यांचा टप्पा आणि आजोबांची घटका, आकडा तोच, सहा. यामागे काही गूढ नाही, 360 ला 60 ने भागलं की येतं. पण मला बरं वाटलं.

सर, त्या मुलीला सांगा की तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा चांगला होता. आणि तिचा पुढचा प्रश्न असेल तर थेट व्हॉइस नोट पाठवायला सांगा, यावेळी तीन आठवडे लावणार नाही. बाकीच्यांनी मला एवढंच कळवा, तुमच्या घरी, तुमच्या गावाकडे उजाडण्याला काय म्हणतात? तांबडं फुटलं, फटफटलं, झुंजूमुंजू हे माझ्याकडे आहेत. कोकणातून, खानदेशातून, वऱ्हाडातून, गोव्यातून जे येईल ते हवंय. शक्यतो आजीच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आणि पहाटेच पाठवायला पाहिजे असं नाही, माझा अलार्म नऊचा आहे.